रतनची निळी कॅसेट

रतन, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी तुझ्याविषयी आठ-दहा मिनिटं बोललो. माइक हातात आला की मला तो सोडवत नाही, हे तुला माहीत आहे. "आम्ही एका गावचे, एका वर्गातले, लातूरला एका खोलीत राहिलेले," अशी सुरुवात केली आणि "आमच्यात कधी कसला भेद नव्हता" इथं येऊन थांबलो. लोकांनी माना डोलावल्या. पुढं बसलेल्या तुझ्या प्रज्ञानं डोलावली नाही. ती माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, एखादं पान वाचावं तशी. मी खाली बसलो तेव्हा सदरा घामानं पाठीला चिकटला होता, आणि पंखा तर बरोबर डोक्यावर होता.

चहा चालू असताना तिनं मला बाजूला घेतलं आणि एक पिशवी हातात दिली. "काका, बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात व्हती. चिठ्ठीत तुमचं नाव हाय." वरून हात लावल्याबरोबर मला कळलं आत काय आहे ते. तुझी निळी कॅसेट. मी पिशवी उघडली नाही. "बघतो घरी जाऊन," म्हणालो आणि जेवणाला न थांबता नांदेडहून लातूरची गाडी धरली. अहमदपूर येईपर्यंत ती पिशवी मांडीवरच होती.

तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुझी नोकरी, तुझे विद्यार्थी, तुझे सत्कार यांवर लोक लिहितील, त्यांना लिहू दे. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि जे बोलायचं आहे ते तू जिवंत असताना पस्तीस-छत्तीस वर्षांत मला बोलता आलं नाही. मी आयुष्यभर कोर्टात बोलून पोट भरलं, त्यामुळं ही लाज जरा जास्तच आहे.

लातूर जिल्हा नवीन झाला होता तेव्हाची गोष्ट. आठवतं तुला? जिकडं तिकडं नव्या पाट्या. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, साहेब नवे, शिपायाला काही विचारलं तर तोही कालच आलेला. तू त्या पाट्या वाचत हिंडायचास. एका कचेरीच्या पाटीवर नव्या रंगाखालून जुन्या जिल्ह्याचं नाव दिसायचं. ते दाखवायला तू मला भर उन्हात दोन किलोमीटर चालवलंस. "बघ दिग्या, पुसलं तरी दिसून राहिलंय." त्यात बघण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मला उसाचा रस प्यायचा होता.

आपण दोघं इतिहास घेऊन बसलो होतो. तू आवडीनं, मी दुसरीकडं कुठं जागा मिळाली नाही म्हणून. मी राजांच्या सनावळ्या घोकायचो आणि तू मधेच विचारायचास, "तलाव राजानं बांधला म्हणं. दगड कोणी वाहिले ते सांग की." एसटीत कंडक्टरला विचारायचास की ही गाडी या रस्त्यानं पहिल्यांदा कधी आली. औशाच्या किल्ल्यात तू एका दगडावर हात ठेवून इतका वेळ उभा राहिलास की पहारेकऱ्याला वाटलं, पोराला चक्कर आली. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात भांडायचास. ग्रंथपालानं पकडलं तेव्हा मी म्हणालो, अक्षर माझं आहे. दंड मी भरला. तेवढं एक मी तुझ्यासाठी केलं, आणि ते मी कार्यक्रमात सांगितलंसुद्धा.

आणि ती कॅसेट. नांदेडला मावशीकडं गेला होतास तेव्हा स्टँडसमोरच्या गाड्यावरून आणलेली. त्याच भागातल्या एका शाहिराची भीमगीतं, चार या बाजूला, चार त्या बाजूला. निळं कव्हर, छपाई हललेली, त्यामुळं शाहिराला दीड चेहरा. मी हसलो की तू चिडायचास. एक प्रकरण वाचून झालं की एक गाणं, असा तुझा नियम होता, आणि अवघड प्रकरण असलं तर दोन. तू कापसाच्या बोळ्यानं टेपचं हेड पुसायचास, पट्टी सैल झाली तर पेन्सिल घालून ती हळूहळू फिरवायचास. तुझ्याकडं दोनच सदरे होते, पण कॅसेटला रुमालाची घडी होती.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं तुझं सगळ्यात लाडकं. त्यात मागं म्हणणाऱ्यांतल्या एका बाईचा सूर जरा वर जातो आणि ती तो सांभाळून खाली आणते. त्या जागी तू बोट वर करायचास. "ही बाई कोण असंल रे? शाहिराचं नाव कव्हरवर हाय. पेटीवाल्याचं हाय, ढोलकीवाल्याचं हाय. हिचं न्हाई." मी म्हणायचो, गप ऐक की गाणं. पण तुझा सगळा इतिहास त्या बाईपासून सुरू व्हायचा, हे मला फार उशिरा कळलं.

खोलीवर आपण एका ताटात जेवलो, हे खरं आहे. आता दुसरं खरं. सुट्टीला गावी जाताना शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आपल्या फाट्यावर उतरलो की तू वाकून चपलेचा अंगठा बघायला लागायचास. तुझ्या चपलेला काही झालेलं नसायचं. मी पुढं निघून जावं म्हणून तू थांबायचास, आणि मी निघून जायचो. वेशीतून मी एकटा शिरायचो, तू मागून, बरंच अंतर ठेवून. लातुरात मी तुझा दिग्या होतो, गावात तू मला दिगंबर म्हणायचास, तेही आमच्या दाराबाहेर उभा राहून. हे कोणी ठरवलं नव्हतं. एकदा तरी मी फाट्यावर थांबून म्हणायला हवं होतं, "ऊठ बे, काय झालंय त्या चपलेला?" तीन वर्षांत मला ते एक वाक्य जमलं नाही.

शेवटच्या वर्षी कॉलेजात इतिहासाच्या सरांनी सांगितलं, "जिल्हा नवा आहे, त्याचा इतिहास लिहायचाय. आपापल्या गावातलं एकेक म्हातारं माणूस ऐकून या, टेप करून आणा. चांगल्या मुलाखती कार्यक्रमात सगळ्यांसमोर ऐकवू." बाकीच्या पोरांनी आपापल्या आजोबांना गाठलं आणि निजामाच्या राजवटीतली शौर्यं टेप करून आणली. तू सोनाआजीला, तुझ्या बापाच्या आईला, धरून बसलास. आजी काही बोलेना. "मला काय ठाव बाबा? मी कुठं लढाईला गेल्ते?"

त्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडला होता. एका रविवारी गावात टँकर आला, आणि सगळं गाव पहिल्यांदाच एका रांगेत उभं राहिलं, आमच्या गल्लीच्या घागरी आणि तुमच्या बौद्धवाड्याच्या घागरी पुढंमागं. आजीनं ते बघितलं. घरी येऊन तुला म्हणाली, "आण तुझं ते यंत्र. मी बहात्तरच्या पाण्याचं सांगते. पण तू भाईर थांब. तुझ्यासमोर मला बोलवत न्हाई."

टेप आमच्या घरचा, खोलीवरून गावी येताना मी तो बरोबर आणायचो. तू पळत आमच्या दारात आलास, "दिगंबर, टेप दे." कोरी कॅसेट गावात कुठली असणार? आत तुझी निळी होती. विकतच्या गाण्यांची कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून तिच्या वरच्या कडेला भोकं उघडी ठेवलेली असतात; त्यात कागदाचा बोळा कोंबला की लाल बटण दाबलं जातं. तू दुसरी बाजू लावलीस, बोळा कोंबलास, आणि तुझी चार गाणी, त्यातलं ते तिसरंसुद्धा, आजीला देऊन टाकलीस. नंतर मला म्हणालास, "गाणी परत मिळतील रे. आजी परत बोलणार न्हाई." गाणीही परत मिळाली नाहीत. तो गाडा पुढं दिसला नाही, आणि ती कॅसेट काढणारी कंपनी कुठली होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आजी शेजारच्या कोंडाबाईला समोर बसवून बोलली. कोंडाबाई ठार बहिरी. "तिला ऐकायला येत न्हाई, म्हणून तर तिला सांगितलं," असं आजी नंतर म्हणाली. तू अर्धा तास बाहेर लिंबाखाली बसलास. आत आलास, पट्टी मागं फिरवलीस आणि सेल संपले. तुमच्याकडं वीज आली नव्हती. तू टेप कॅसेटसकट आमच्याकडं आणून दिलास. "उद्या खोलीवर दोघं मिळून ऐकू. माझ्याआधी ऐकशील तर बघ." तू हसत होतास. इतका आनंदात मी तुला परीक्षेच्या निकालालाही पाहिलं नाही.

मी ऐकली. तू कोपऱ्यावर वळायच्या आत मी टेपची वायर भिंतीत लावली होती.

आजी बोलत होती ते आमच्या विहिरीविषयी होतं. बहात्तरला तुमच्या वाड्याचा आड आटला आणि गावाशेजारची आमची विहीर तेवढी राहिली. तुमच्यापैकी कोणी तिच्यात पोहरा सोडायचा नाही. आमच्या गुरांसाठी हौद भरायचा, गुरं पिऊन गेली की उरलेलं पाणी वाड्यातल्या बायांनी भरून न्यायचं, असा तेव्हा रिवाज होता. एक दिवस आजीनं गुरांच्या आधी घागर बुडवली, आणि माझ्या वडिलांनी, दादांनी, भरलेला हौद जमिनीवर सोडून दिला. दादांचं नाव तिनं चार वेळा घेतलं. संपल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून लावलं, आणि चौथ्या नावाला दादा दारात उभे होते. ते कधी येऊन उभे राहिले मला कळलं नाही.

नव्या जिल्ह्याची जिल्हा परिषद व्हायची होती आणि दादांना तिकीट हवं होतं. आपल्या बैठकीत ते सांगायचे, "वाड्यातली पोरंबी आपल्या मागं हायत. रतन तर आमच्या दिगूच्या खोलीवर राहतो." ते आत आले, खाटेवर बसले. आवाज चढवला नाही. "हे लातुरात सगळ्यांसमोर वाजलं तर तिकीट गेलं, दिगू. पूस ते." आणि त्यांनी आणखी एक वाक्य म्हटलं. ते मी शेवटी सांगतो, आत्ता हात धजत नाही.

बोळा तूच घालून ठेवला होतास. मला फक्त दोन बटणं एकदम दाबायची होती.

दुसऱ्या दिवशी खोलीवर मी तुला सांगितलं की आईनं पुसायला टेप उचलला, तिचं बोट लाल बटणावर पडलं आणि कोणाच्या ध्यानात येईपर्यंत सगळं गेलं. माझ्या आईवर घातलं मी. जिला टेप चालू कसा करतात हे माहीत नव्हतं, तिच्यावर. तू कॅसेट घेतलीस, रुमालात गुंडाळलीस आणि अंघोळीला गेलास. बराच वेळ आला नाहीस.

पुढच्या सुट्टीत तू आजीला पुन्हा विचारलंस. ती म्हणाली, "एकदा सांगितलं की. यंत्रात हाय न्हवं?" तू "हाय" म्हणालास. त्याच उन्हाळ्यात ती गेली. आपलं बोलणं यंत्रात आहे, लातूरला गेलंय, शिकलेली माणसं ते ऐकून राहिलीत, असं समजून गेली.

आणि त्याच सुट्टीत तू आमच्या दारात आलास. माझ्याकडं नाही, आईकडं. "काकू, मनाला लावून घेऊ नका. यंत्रच तसं हाय, कोणाच्याबी हातून होतं." आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. एकदाच. मग म्हणाली, "चुकलं रे बाबा माझं." ती आत गेली आणि आमच्या पिण्याच्या हंड्यातून तांब्या भरून आणला, आमचा, रोजचा, आणि तुझ्या हातात दिला. दादा ओसरीवर होते. त्यांनी तोंड फिरवलं. तू ते पाणी सगळं प्यायलास, तांब्या तिथंच धुवायला वाकलास, आणि आईनं तो तुझ्या हातातून काढून घेतला. आमच्या घरात ते पहिल्यांदा घडलं, आणि ते माझ्या खोट्यामुळं घडलं.

दादांना तिकीट मिळालं नाही. निलंग्याकडच्या कोणाला तरी मिळालं. हे तुला कळलं त्या रात्री जेवताना तू मला एक भाकरी जास्त वाढलीस.

तू सरांना सांगितलंस की टेप बिघडला. सरांनी दुसऱ्याच कोणाचे तरी आजोबा कार्यक्रमात ऐकवले. तुझा नियम चालू राहिला, एक प्रकरण, एक गाणं, पण आता चारच गाणी होती. पहिली बाजू संपली की तू उठून पट्टी पुन्हा मागं फिरवायचास. एकदा मी अवेळी खोलीवर आलो तर तू बंद टेपसमोर बसला होतास. तू विचारलंस, "दिग्या, ते तिसरं गाणं तुला पूर्ण येतं का रे?" मी गुणगुणून दाखवलं, त्या बाईच्या वर जाणाऱ्या सुरासकट. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "ब्येस म्हणतोस." मला बरं वाटलं होतं, रतन. कौतुक झालं म्हणून बरं वाटलं होतं.

मग तू मास्तर झालास, आधी हदगावला, नंतर नांदेडला, आणि मी लातूरला काळा कोट चढवला. आपलं भांडण तेव्हापासूनचं आणि अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, कागद नसेल तर ती गोष्ट घडलीच नाही असं धरावं लागतं. तू म्हणायचास, "कागद लिहिणारा कोण व्हता ते बघ की आधी." मी म्हणायचो, तोंडी साक्ष म्हणजे चार प्रश्नांत फाटणारं धोतर. तू म्हणायचास, "तुम्ही वकील लोक उलटतपासणी घेता. मी वाट बघतो. माणूस आपणहून बोलला तर खरं बोलतो." दिवाळीला, लग्नांत, फोनवर हेच. गेल्या पोळ्यालाही फोनवर हेच झालं, आणि मी नेहमीसारखा म्हणालो, "तुमच्या इतिहासात पुराव्याला काही किंमतच नाही." तू नुसता हसलास. तुला तेव्हा दम लागत होता. मला वाटलं, जिना चढून आला असशील.

आईला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा वहिनींच्या हातचा डबा घेऊन तू बावीस दिवस येत होतास. मी कोर्टाच्या तारखा सांभाळून शनिवारी यायचो. तू तिच्या पायाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचास. एका शनिवारी तू निघून गेल्यावर आई मला म्हणाली, "त्याला सांग रे एकदा. मी किती दिवस वागवू?" सांगतो म्हणालो. पुढच्या शनिवारी ती बोलण्याच्या पलीकडं गेली होती. तिला खांदा द्यायला तू पुढं आलास तेव्हा गावातल्या दोघाचौघांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी तुझा हात धरून तुला आत घेतलं. या एका गोष्टीची मला लाज वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते.

आता पिशवीचं सांगतो. घरी येऊन मी ती उघडली. कॅसेट त्याच रुमालात. कव्हरच्या आत तुझ्या बारीक अक्षरातली चिठ्ठी, तू तुझ्या विद्यार्थ्यांना जुन्या कागदांची नोंद करायला शिकवायचास तशी:

"कॅसेट, निळे कव्हर. बाजू अ: गाणी चार, सुस्थितीत. बाजू ब: मूळ गाणी चार. त्यावर आजी, सुमारे अर्धा तास. त्यावर दिगंबर व त्याचे वडील. आवाज स्पष्ट. ऐकली: लातूर, खोलीवर, परत मिळाली त्याच दिवशी. आजी काय बोलली ते दिगंबरला माहीत आहे. तो सांगेल तेव्हा लिहून घेणे. जपून ठेवणे."

'आवाज स्पष्ट' हे मी चार वेळा वाचलं आणि तरी मला उमगेना. जुना टेप मिळवायला तीन दिवस लागले. गंजगोलाईच्या बाजारामागं एका दुरुस्तीवाल्याकडं एक सापडला. त्याच्याच दुकानात स्टुलावर बसून मी दुसरी बाजू लावली.

मला वाटलं होतं, नुसतं लाल बटण दाबलं की आवाज पुसला जाऊन शांतता भरते. त्या टेपला समोर जाळी होती, जाळीच्या आत माइक होता. आजीचं बोलणं ज्या जाळीतून आत गेलं त्याच जाळीतून आमचंही गेलं, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाही आली नव्हती. आधी कोंबड्या. मग दादा: "समदं जातंय न्हवं? माझं नाव घेतलंय तिथवर?" मग मी, एकवीस वर्षांचा, आवाजात जराही कंप नाही: "समदं जाऊन राहिलंय, दादा. अर्धा तास लागंल." मग आई लांबून: "काय करून राहिलात रे? जेवायला बसा की." मग बराच वेळ काही नाही. आणि मग कंटाळून मी गुणगुणायला लागलो आहे. तिसरं गाणं. तुझं. त्या बाईच्या सुराच्या जागी मी सूर वर नेला आहे आणि सांभाळून खाली आणला आहे.

दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, गातंय कोण? गळा बरा हाय." मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

म्हणजे त्याच दिवशी तुला सगळं कळलं होतं. अंघोळीला गेलास आणि बराच वेळ आला नाहीस, त्यानंतर कधीतरी मी बाहेर गेल्यावर तू ती बाजू लावली असणार. तरी आमच्या दारात येऊन तू माझ्या आईला म्हणालास, मनाला लावून घेऊ नका. ते तू तिला म्हणत नव्हतास. मी दाराआड उभा होतो, तुला माहीत होतं. तिसरं गाणं येतं का म्हणून विचारलंस, तेव्हाही दार उघडून दिलं होतंस. आणि पुराव्याला किंमत नाही असं मी तुला सांगायचो तेव्हा पुरावा तुझ्या खालच्या खणात रुमालात होता. मला राग येतो तुझा. एकदा कानाखाली वाजवायची होतीस, मोकळा झालो असतो. पण तू वाट बघायचं ठरवलंस आणि मी तुला वाट बघायला लावली. तुझी वाट संपली, माझं बोलणं झालं नाही.

परवा मी नांदेडला गेलो. प्रज्ञा तुझ्याच खुर्चीत बसली होती. तीही इतिहासच शिकते, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस. मी म्हणालो, "बेटा, तुझ्या पणजीचं बोलणं मला पाठ आहे. पुसायच्या आधी मी ते दोनदा ऐकलं होतं." तिनं 'का पुसलं' असं विचारलं नाही. फोन टेबलावर ठेवला, वही घेतली. "सांगा काका."

मी सगळं सांगितलं, सोनाआजीच्याच शब्दांत, जमेल तसं. त्यातलं हौदाचं असं:

"बहात्तरचं साल. माझा रतन तापानं फणफणलेला. घरात पाण्याचा थेंब न्हाई. पाटलाच्या हौदावर गेले. गुरं यायची व्हती अजून. म्हनलं, गुरं येऊस्तोवर लेकरू ऱ्हाईल का? घागर बुडवली. पाटलाचा ल्योक हिरीवर उभा. त्यानं बघितलं. शिवी दिली न्हाई, काई न्हाई. त्याचं पोरगं हौदाच्या काठावर खेळून राहिलं व्हतं, दिगू. त्याला म्हनला, 'दिगू, बुच काढ.' पोरानं वाकून तळाचं बुच काढलं. समदा हौद मातीत गेला. माझी घागरबी ओतून घेतली. बघता बघता पिलं भुईनं. पोरगं भिऊन माझ्याकडं बघून राहिलं. बुच हातातच त्याच्या. मी म्हनलं, जाऊ दे रं, ठिव ते. लेकराचा काय दोस? त्याला बापानं सांगितलं. ते आता रतनासंगं एका ताटात जेवतं म्हणं. खाऊ दे. त्याला हे ठावंबी नसंल."

दादांनी खाटेवर बसून म्हटलेलं ते वाक्य हे होतं, रतन: "तुझंबी नाव हाय त्यात." आणि मला ठाऊक होतं. त्या ओल्या बुचाच्या चिंध्यांचा वास मला लहानपणापासून आठवत होता, फक्त तो कशाचा ते मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. मी दादांचं तिकीट वाचवायला बटण दाबलं नाही. मी माझं नाव पुसलं, आणि तिनं मला माफ केलं होतं, तेही त्याच्याबरोबर पुसलं.

प्रज्ञा लिहीत होती. माझं संपल्यावर तिनं वहीचं पान उलटलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, निदान पाणी विचारेल. पण ती तुझी लेक. नोंद अर्धी राहिलेली तिला चालत नाही.

"काका, बुच काढलं तेव्हा तुमचं वय?"

"आठ."

तिनं लिहिलं.

"आणि कॅसेट पुसली तेव्हा?"

"एकवीस," मी म्हणालो. तेही तिनं लिहून घेतलं.